स्वस्तातला छोटा डिजिटल कॅमेरा घ्यायचाय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

महिन्या-दोन महिन्यांनी ओळखीतल्या कुणाचा तरी मेसेज येतोच, "अगं एक छोटासा कॅमेरा बघतोय, फार महाग नको, कुठला घेऊ?" आणि मी दरवेळी तेच पुराण पुन्हा टाइप करत बसते. आता कंटाळा आला, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतेय, पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पाठवणार. खाली जे आहे ते साध्या, खिशात मावणाऱ्या, लेन्स बदलता न येणाऱ्या कॅमेऱ्यांबद्दल आहे. रिको जीआर नाहीतर फुजीफिल्म एक्स१०० वगैरे महागडी मंडळी यात नाहीत, ते घेणाऱ्याला माझ्या सल्ल्याची गरजही नसते.

फोन खिशात असताना हे वेगळं डबडं कशाला?

फोटोची क्वालिटी वाढावी म्हणून घेत असाल तर घेऊ नका. हे पहिल्याच उत्तरात सांगून टाकते कारण निम्मे लोक इथेच फसतात, त्यांना वाटतं कॅमेरा म्हटला की फोनपेक्षा भारीच असणार, मग बॉक्स उघडून चार फोटो काढतात आणि तोंड पडतं. स्वस्तातला कॉम्पॅक्ट, म्हणजे असा खिशात मावणारा छोटा कॅमेरा, तीन गोष्टींत फोनच्या पुढे जातो. त्याचा झूम खरा असतो, फ्लॅश खरा असतो, आणि तो फोन नसतो. तिसरी गोष्ट गंमत म्हणून लिहिलेली नाही. फोटो काढायला फोन बाहेर काढला की तीन नोटिफिकेशन दिसतात, त्यातलं एक उघडलं जातं, आणि समोरचा क्षण गेलेला असतो. कॅमेरा फक्त फोटो काढतो. शिवाय तो दुसऱ्याच्या हातात बिनधास्त देता येतो, आपला फोन देताना जी धाकधूक होते ती होत नाही.

यातलं एकही कारण तुमचं नसेल तर पैसे वाचवा.

म्हणजे फोनपेक्षा फोटो वाईट येतात?

मोठं करून शेजारी शेजारी ठेवून बघितले तर बऱ्याचदा हो. कारण साधं आहे, प्रकाश गोळा करणारी चिप, म्हणजे सेन्सर. स्वस्त कॉम्पॅक्टमध्ये वर्षानुवर्षं एकच माप चालत आलंय, १/२.३ इंची, म्हणजे साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, करंगळीच्या नखापेक्षाही लहान. आताच्या वरच्या फोनमध्ये १/१.३ इंचीच्या आसपासचे सेन्सर असतात, त्यांचं क्षेत्रफळ याच्या अडीचपट भरतं. वर फोनचा प्रोसेसर एका बटणात सातआठ फोटो काढून त्यांचा एक करतो, अंधार उजळवतो, आकाश जळू देत नाही. स्वस्त कॅमेऱ्यात ही अक्कल फारशी नसते, तो जे दिसलं ते एकदा टिपतो आणि मोकळा होतो.

पण नेमकं हेच आता लोकांना आवडायला लागलंय. फोनच्या फोटोत सगळं एकसारखं उजळ आणि घासून पुसून ठेवल्यासारखं दिसतं. छोट्या कॅमेऱ्याच्या फोटोत सावली ही सावलीच राहते.

मग मधे बंद पडलेले हे कॅमेरे परत कसे आले?

बंद पडलेच होते जवळजवळ. जपानी कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेचे, सीपाचे, आकडे बघितले तर २०१० साली लेन्स जोडलेले छोटे कॅमेरे जगभरात १० कोटींच्या वर गेले होते, आणि २०२३ साली तोच आकडा १७ लाखांच्या आसपास. फोनने खाल्ले, दुसरं काही नाही. कंपन्यांनी स्वस्तातली मॉडेल एकेक करून गुंडाळली. मग २००० च्या दशकातला तो फ्लॅश मारलेला, थोडा भगभगीत लुक तरुण पोरापोरींना आवडायला लागला, जुने कॅमेरे कपाटातून बाहेर आले, आणि २०२४ मध्ये आकडा बऱ्याच वर्षांनी थोडा वर सरकला. थोडाच हं. त्यामुळे "नवीन" म्हणून जे विकलं जातं त्यात बरंचसं जुनंच सामान नव्या डब्यात असतं, हे डोक्यात ठेवा, म्हणजे पुढची उत्तरं पटतील.

मेगापिक्सेल किती हवेत?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात कमी कामाचा प्रश्न. गणित करून बघा. नेहमीची चार बाय सहा इंची प्रिंट ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, काढायची तर १८०० बाय १२०० पिक्सेल लागतात, म्हणजे २ मेगापिक्सेलच्या जरासं वर. पूर्ण ए४ कागदाला ९ मेगापिक्सेल पुष्कळ झाले. १२ ते २० मधलं काहीही असलं तरी घरच्या वापराला चालतं, १६ आणि २० मधला फरक तुम्हाला दिसणार नाही.

उलट आकडा जास्त मोठा असेल तर सावध व्हा. माझाच किस्सा सांगते. ऑनलाइन शोधताना एक कॅमेरा दिसला, बॉक्सवर ठसठशीत ४८ मेगापिक्सेल, १६ पट झूम, फोरके, आणि सोबत कार्ड फुकट. कंपनीचं नाव कधी ऐकलेलं नव्हतं पण रिव्ह्यू चांगले होते, घेतला. पहिल्याच दिवशी भाचीचा फोटो काढला, खिडकीजवळ, छान उजेडात. कॉम्प्युटरवर उघडून पूर्ण मोठा केला तर केस केसांसारखे दिसेचनात, तपकिरी रंगाचा ब्रश ओढावा तसे पट्टे, भुवया म्हणजे दोन डाग, आणि स्वेटरची वीण गायब. आत सेन्सर छोटाच होता, खरे मेगापिक्सेल बरेच कमी, बाकीचे पिक्सेल सॉफ्टवेअरने मधे मधे भरलेले. त्याला इंटरपोलेशन म्हणतात. चहात पाणी घालून कप भरायचे आणि कप मोजून दाखवायचे, तसलाच प्रकार. आणि १६ पट झूम? लेन्स जागची हललीसुद्धा नाही.

तेव्हा स्पेसिफिकेशनमध्ये "इफेक्टिव्ह पिक्सेल" आणि सेन्सरचं नाव-माप दिलंय का ते बघायचं. जो विकणारा सेन्सरचं माप लिहीत नाही त्याच्याकडे लिहिण्यासारखं काही नसतं.

ते १/२.३ इंच, १ इंच वगैरे नेमकं काय असतं? एक इंचाचा सेन्सर एक इंच असतो का?

नसतो, आणि ही या धंद्यातली फार जुनी थाप आहे. "१ इंची" सेन्सर प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो, कर्ण धरला तरी १६ मिलिमीटरच्या आतच. पूर्वी टीव्ही कॅमेऱ्यांत काचेच्या नळ्या असायच्या, त्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून मापं ठरायची, नळ्या गेल्या आणि मापं राहिली. तरीही १ इंची सेन्सर १/२.३ इंचीपेक्षा चौपट मोठा पडतो, आणि अंधुक उजेडात तो फरक डोळ्याला दिसतो. सोनीने २०१२ मध्ये पहिल्या आरएक्स१०० मध्ये हा सेन्सर खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यात बसवला होता. नव्यात हे स्वस्त मिळत नाही, पण जुना चांगल्या स्थितीत मिळाला तर मी नव्या १/२.३ वाल्यापेक्षा तोच घेईन.

झूमचं काय बघायचं?

"ऑप्टिकल" हा शब्द. ऑप्टिकल झूममध्ये लेन्स सरकते, डिजिटल झूममध्ये फोटोचा मधला तुकडा कापून ताणला जातो, जे तुम्ही घरी बसून स्वतः करू शकता. बॉक्सवर दोन्हीचा गुणाकार करून लिहिलेला असेल तर तो आकडा विसरून जा आणि सेटिंगमध्ये जाऊन डिजिटल झूम कायमचा बंद करा.

किती पट हवा, तर ४-५ पट घरगुती वापराला पुरतो. शाळेतला कार्यक्रम मागच्या रांगेतून काढायचा असेल, पक्षी वगैरे बघायचे असतील, तर १२ किंवा ३० पटवाले घ्या. पण झूम ताणला की हात हललेलाही तितकाच मोठा होऊन दिसतो, म्हणून मोठ्या झूमसोबत ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताचा कंप कॅमेऱ्याच्या आतच सावरून घेणारी सोय, हवंच. नुसतं "डिजिटल स्टॅबिलायझेशन" लिहिलेलं असेल तर फोटोसाठी त्यावर भिस्त ठेवू नका.

घरात काढलेले फोटो हललेले, धूसर का येतात?

कारण लेन्सच्या कपाळावरच लिहिलेलं असतं. एफ/३.५-६.३ असं काहीतरी दिसेल बघा. हा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त प्रकाश आत घेते. फोन एफ/१.८ च्या आसपास असतो. एफ/१.८ आणि एफ/३.६ यांच्यात प्रकाशाचा फरक चौपट आहे, दुप्पट नाही. आणि दुसरा आकडा आहे तो पूर्ण झूम केल्यावरचा, म्हणजे झूम केलात की उजेड आणखी घटला. आत उजेड कमी आला की कॅमेरा दोनच गोष्टी करू शकतो, शटर जास्त वेळ उघडा ठेवतो, मग हललेलं येतं, नाहीतर आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता, वाढवतो, मग दाणेदार येतं.

घरात असताना झूम करूच नका, दोन पावलं पुढे जा. कोपर पोटाला टेकवून धरा. आयएसओची मर्यादा लावता येत असेल तर ८०० वर ठेवा, या छोट्या सेन्सरवर १६०० च्या पुढे चेहरे मेणाचे दिसायला लागतात. आणि बटण एकदम दाबू नका! फोनच्या सवयीने सगळे खाडकन दाबतात. आधी अर्धं दाबायचं, बोटाला एक अडकल्यासारखं जाणवतं, हिरवी चौकट येते, बारीक बीप होतो, मग तिथूनच उरलेलं अर्धं. निम्मे धूसर फोटो या एका सवयीने कमी होतात.

सगळे फ्लॅश फ्लॅश करतात, त्यात असं काय आहे?

फोनच्या मागे असतो तो एलईडी दिवा, टॉर्चच म्हणा ना. कॅमेऱ्यातला झेनॉन फ्लॅश वेगळा. आत वीज साठवणारा एक कपॅसिटर चार्ज होतो, कान देऊन ऐकलं तर चीईई असा बारीक आवाज येतो, आणि मग सगळी वीज एका झटक्यात काचेच्या नळीतून जाते, सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढ्या वेळात. त्यामुळे नाचणारा माणूस हवेत थिजतो, केस उडालेले तसेच राहतात, डोळ्यात चमक येते, मागची भिंत काळी पडते. हाच तो लुक, फिल्टर लावून येतो पण तसा नाही येत.

मात्र त्याची पोच कमी असते, तीनेक मीटर. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाईवर येतो, त्यामुळे स्टेडियममध्ये मागून फ्लॅश मारून काही उपयोग नाही, पुढच्या माणसाचं डोकं तेवढं उजळतं. अगदी जवळ गेलात तर चेहरा पांढराफटक. दीड-दोन मीटर मला सगळ्यात बरं वाटतं. आणि दुपारच्या उन्हात, टोपीखाली चेहरा काळा पडतो ना, तिथे फ्लॅश जबरदस्तीने चालू करून बघा एकदा.

घेताना नीट तपासा, काही स्वस्त कॅमेऱ्यांवर फ्लॅशच्या जागी एलईडीच असतो आणि बॉक्सवर मात्र फ्लॅश लिहिलेलं असतं.

बरं, नावं सांग ना. सध्या नवीन कुठले मिळतात?

सगळ्यात स्वस्त आणि ओळखीच्या नावात कोडॅक पिक्सप्रो. हे कोडॅकचं नाव भाड्याने घेऊन जेके इमेजिंग नावाची कंपनी बनवते, जुनी फिल्मवाली कोडॅक नव्हे. एफझेड४५ मध्ये १६ मेगापिक्सेल, ४ पट झूम आणि दोन डबल-ए सेल. एफझेड५५ मध्ये ५ पट झूम आणि चार्ज होणारी बॅटरी, बाकी भावंडंच. दोन्हीत काही भारी नाही, पण जे लिहिलंय ते खरं आहे, झूम हलतो, फ्लॅश झेनॉन आहे, आणि पहिला कॅमेरा म्हणून मी बऱ्याच जणांना हेच सांगते. २०२५ मध्ये सी१ आला, त्यात स्क्रीन वर उलटी करता येते म्हणजे सेल्फी बघून काढता येतो, पण झूमची लेन्स नाही.

कॅननने २०१६ चा इक्सस २८५ एचएस, ज्याला काही देशांत एल्फ ३६० एचएस म्हणतात, तोच २०२५ मध्ये शेवटी "ए" अक्षर लावून पुन्हा बाजारात आणला. २० मेगापिक्सेल, १२ पट झूम, सगळं तेच, फक्त एसडी कार्डाऐवजी मायक्रोएसडी आणि वायफायची काही कामं कमी केली. नऊ वर्षांनी तोच कॅमेरा, त्यातून काढून घेऊन, यावर मी काही बोलत नाही. फोटो मात्र चांगले येतात त्याचे, रंग तर कोडॅकपेक्षा बरेच.

जास्त झूम हवा आणि बजेट ताणता येत असेल तर पॅनासॉनिकचा टीझेड९९, दुसरं नाव झेडएस९९, ३० पट झूम. आधीच्या मॉडेलमधली डोळा लावून बघायची खिडकी यात काढून टाकली, यूएसबी-सी दिलं. याला स्वस्त म्हणताना जरा जीभ अडखळते.

आणि किल्लीला अडकवायचा तो कोडॅक चार्मेरा, २०२५ चा, ३० ग्रॅम वजन, १.६ मेगापिक्सेल, बॉक्स उघडेपर्यंत कुठला रंग निघणार हेही कळत नाही. तो खेळणं म्हणून घ्या, खेळणं म्हणून तो गोड आहे.

बॅटरी कशी हवी?

डबल-ए सेलवाला की चार्ज होणारा, हा वाद आमच्या घरीच आहे. डबल-एचा फायदा हा की संपले तर कुठेही मिळतात. तोटा हा की साधे स्वस्तातले सेल घातले तर फ्लॅशसकट वीस-तीस फोटोंत मान टाकतात. चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइडचे सेल घ्या, चार घ्या, दोन कॅमेऱ्यात दोन पिशवीत. त्यांचा व्होल्टेज १.२ असतो, अल्कलाइनचा १.५, म्हणून मेन्यूत बॅटरीचा प्रकार निवडायची सोय असेल तर तो बदला, नाहीतर भरलेले सेल असूनही कॅमेरा "बॅटरी संपली" म्हणून रडतो.

लिथियमवाल्यात एक जादाची बॅटरी सुरुवातीलाच घेऊन ठेवा, मॉडेल जुनं झालं की त्याची बॅटरी शोधणं हा वेगळा छळ असतो. फुगलेली बॅटरी दिसली तर दाबून बसवायची नाही, सरळ बाद. विमानाने जाताना सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या सामानात नाही.

चार्जिंगचं पिन बघा हेही सांगायचं राहिलं. युरोपियन युनियनने २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या डिजिटल कॅमेऱ्यांना यूएसबी-सी सक्तीचं केलं, त्यामुळे नवीन मॉडेल हळूहळू तिकडे वळताहेत. जुन्या डिझाइनमध्ये अजून मायक्रो-यूएसबी सापडतं, केबल जपून ठेवा.

कार्ड कुठलं घ्यायचं? जितकं मोठं तितकं चांगलं ना?

नाही, मॅन्युअल बघा आधी. ३२ जीबीपर्यंतचं कार्ड एसडीएचसी, ६४ आणि पुढचं एसडीएक्ससी, दोघांची आतली मांडणी वेगळी, आणि बरेचसे जुने कॅमेरे एसडीएक्ससी ओळखतच नाहीत. अगदी जुन्यांना तर २ जीबीच्या वरचं काही कळत नाही. ३२ जीबीत १६ मेगापिक्सेलचे पाचेक हजार फोटो बसतात, तेवढ्यात तुमचं वर्ष निघेल. वेग क्लास १० किंवा यू१ पुरे, या कॅमेऱ्यांना त्याहून जोरात लिहिताच येत नाही.

कार्ड नवीन असो की दुसऱ्या कॅमेऱ्यातलं, एकदा याच कॅमेऱ्यात फॉरमॅट करून घ्या. आणि आधी आतले फोटो काढून घेतलेत का ते बघा, हे सांगायला लागू नये पण लागतं.

फोटो फोनवर कसे आणायचे?

वायफाय असेल तर कंपनीच्या अ‍ॅपने, आणि अ‍ॅप तुमच्या मूडप्रमाणे नाही तर त्याच्या मूडप्रमाणे चालतं. मी तो नाद सोडला. बोटभर कार्ड रीडर मिळतो, एका टोकाला फोनचं पिन, दुसऱ्या टोकाला कार्डाची खाच, अर्ध्या मिनिटात काम. वायफाय नाही म्हणून एखादा चांगला कॅमेरा नाकारू नका एवढंच.

व्हिडिओ कसा येतो?

फोनने काढा. खरंच. स्वस्त कॉम्पॅक्ट फुल एचडी किंवा नुसतं एचडी देतो, आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, बाहेर माइक लावायची सोय नाही. काहींत रेकॉर्डिंग २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप थांबतं, तो बिघाड नाही, युरोपात अर्धा तास किंवा जास्त रेकॉर्ड करणाऱ्या यंत्राला व्हिडिओ कॅमेरा धरून जास्त कर लागायचा म्हणून कंपन्यांनी लावून घेतलेली ती कात्री आहे. फाइल ४ जीबीला थांबत असेल तर ती कार्डाच्या एफएटी३२ फॉरमॅटची मर्यादा.

जुना सीसीडीवाला सेकंडहँड घेऊ का? त्याचे रंग वेगळे असतात म्हणे.

सीसीडी हा सेन्सरचा जुना प्रकार, १९६९ मध्ये बेल लॅब्समध्ये बॉइल आणि स्मिथ यांनी शोधलेला, २००९ मध्ये त्याबद्दल नोबेल मिळालं. १९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्ह सॅसनने जोडलेला पहिला डिजिटल कॅमेराही सीसीडीवरच चालला, ०.०१ मेगापिक्सेल, आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायची. नंतर सीमॉस या सेन्सरच्या नव्या प्रकाराने त्याची जागा घेतली कारण तो कमी वीज खातो आणि भराभर वाचता येतो.

रंगांचं म्हणाल तर मला ते सेन्सरपेक्षा त्या काळच्या प्रोसेसिंगचं जास्त वाटतं, जास्त कॉन्ट्रास्ट, झटकन जळणारे पांढरे भाग, वर तो फ्लॅश. ते फोटो छान दिसतात हे खरंच, पण सीसीडी या तीन अक्षरांसाठी दुप्पट पैसे मोजू नका.

घ्यायचाच तर समोर बसून तपासा. बॅटरीच्या खणात हिरवट-पांढरी बुरशी धरलीय का. झूम पूर्ण बाहेर जाऊन परत आत येतो का, मधे खर्र आवाज करतो का. लेन्सवर आडवा उजेड टाकून आत जाळ्यासारखी बुरशी दिसते का. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करा, धुळीचे डाग आणि मेलेले पिक्सेल तिथेच सापडतात. फ्लॅश उडतो का. चार्जर आहे का, आणि कार्ड कुठलं लागतं! जुन्या ऑलिंपस-फुजीफिल्मला एक्सडी कार्ड आणि जुन्या सोनीला मेमरी स्टिक लागायची, कॅमेरा फुकट मिळेल आणि कार्डासाठी वणवण होईल.

लहान मुलांना कुठला द्यावा?

सात-आठ वर्षांपर्यंत रबराच्या कव्हरातले खेळण्याचे कॅमेरे चालतात, फोटोची अपेक्षा ठेवू नका. त्यापुढच्यांना मी बाहेर लेन्स न येणारा कॅमेरा देईन, कारण सरकणारी लेन्स हा या कॅमेऱ्यांचा सगळ्यात नाजूक अवयव. स्क्रीनच नसलेलेही आलेत, कॅम्प स्नॅपसारखे, फोटो काढायचा आणि घरी जाऊन बघायचा. माझ्या भाचीने पहिल्या दिवशी शंभरेक काढले, त्यात तीस तिच्या स्वतःच्या बोटाचे, पण कुत्र्याच्या उंचीवरून काढलेला कुत्र्याचा एक फोटो असा आला की आम्ही मोठे कुणी तेवढं खाली वाकलोच नसतो.

वॉटरप्रूफ घ्यावा का?

पोहायला, पावसात न्यायचा असेल तर. १० किंवा १५ मीटर लिहिलेलं असतं ते झाकणाची रबरी कड स्वच्छ असेल तरच खरं, वाळूचा एक कण किंवा केस अडकला तरी पाणी आत. समुद्रातून आल्यावर झाकण न उघडता गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, मग पुसा.

"लेन्स एरर" येतंय, संपला का कॅमेरा?

बहुतेकदा वाळू किंवा धूळ अडकलेली असते, नाहीतर खिशात असताना बटण दाबलं जाऊन लेन्स कापडात घुसायला जाते. बॅटरी काढा, पाच मिनिटं थांबा, भरलेली बॅटरी घालून कॅमेऱ्याचं तोंड खाली करून चालू करा, फुग्याने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. हाताने लेन्स ओढू तर अजिबात नका. तरी नाही हललं तर मात्र दुरुस्तीचा खर्च नव्या कॅमेऱ्याच्या जवळपास जातो. दमट हवेत राहत असाल तर वापर नसताना घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आणि चामड्याच्या कव्हरात महिनोन्‌महिने बंद करून ठेवू नका, तिथेच बुरशी धरते.

यात रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले कच्चे फोटो काढता येतात का?

स्वस्तवाल्यात नाही, फक्त जेपेग. ज्याला रॉ हवंय त्याने सेकंडहँड १ इंचवाला बघावा.

कॅमेरा हातात आला, पहिल्या दिवशी काय करू?

तारीख लावा. आधी तारीख, मग बाकीचं. स्वस्त कॅमेऱ्याला नेटवरून वेळ कळत नाही, आणि बॅटरी काही दिवस बाहेर राहिली की घड्याळ मूळपदावर येतं. माझी एक अख्खी ट्रिप फोनच्या गॅलरीत १ जानेवारीला जाऊन बसलीय, कुठल्या तरी जुन्याच सालात, चार दिवसांचे दोनशे फोटो रात्री बारापासून सुरू, आणि त्यातला सूर्योदय दिसतो मध्यरात्री साडेबाराला. नंतर सॉफ्टवेअरने तारखा सरकवता येतात, त्यासाठी एक तरी फोटो खरा किती वाजता काढला ते माहीत हवं, म्हणून आता मी कुठेही निघाले की पहिला फोटो घड्याळाचाच काढते.